कान कमी, काम नव्हे
(सारसोळे येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. चाळिशीत मला कमी ऐकू येऊ लागले. लाजेपोटी दोन वर्षे लपविले. काउंटरवर ग्राहक एक सांगे, मी दुसरेच ऐके. एकदा रक्कम चुकली, तेव्हा साहेबांना खरे सांगितले. त्यांनी हिशेब जुळविण्याचे काम दिले. तिथे कानापेक्षा डोळे लागतात.

मित्रांनो, तुम्ही लपवू नका. वडाळ्याला गाडी बदलून वांद्र्याला जा. तेथे १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेत कान तपासतात. ४० टक्के वा अधिक बधिरत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत कर्णबधिरांसाठी किमान १ टक्का जागा राखीव आहेत. नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही नेता येत नाही. हे त्याच कायद्याचे कलम २० सांगते.

काम निवडताना एवढेच पाहा : यात टेलिफोन किती, कागद किती? बाबासाहेबांनी आपल्याला हक्क मागायला शिकविले. मग मागताना लाज कसली?

जयभीम! नमो बुद्धाय!