वहीचं शेवटचं पान



मुलं मनातलं बरंच काही वहीच्या शेवटच्या पानावर लिहितात. काही वर्षांपूर्वी एका शाळेत, मुख्याध्यापकांच्या टेबलावर असंच एक पान होतं. सातवीतल्या मुलीचं. वर गणिताची कच्ची आकडेमोड आणि खाली बारीक अक्षरात, 'मला आता काहीच नकोसं झालंय.' वकील म्हणून मी तिच्या आईबरोबर गेले होते. ते पान आईच्या हाती येण्याआधी दोन बाईंनी आणि एका शिपायाने वाचलं होतं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प बसली होती.

मुख्याध्यापक म्हणाले, "ताई, उद्या काही झालं तर आमच्यावर येईल. तुम्ही तिचा दाखला घेऊन जा."

त्यांची भीती मी समजू शकते. पण ज्या पोरीला सगळंच नकोसं झालंय, तिला शाळेनेही नको म्हणायचं? शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ सांगतं, की आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, बाकीच्यांना आहे. काढता येत नाही, म्हणून मग पालकांकडूनच दाखल्याचा अर्ज लिहून घेतला जातो. मी याला पळवाट म्हणते.

दुसरी भीती पोलीस केसची. जिवाचं बरंवाईट करू पाहणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता, असं २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा कलम ११५मध्ये गृहीत धरतो. त्याला शिक्षा नाही, सरकारने त्याची काळजी घ्यायची. १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेचं कलम ३०९ ठेवलेलंच नाही.

आणि 'आमच्यावर येईल' म्हणाल, तर ते हात झटकल्यावर येतं. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरच्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यायचं. वर्षातून दोनदा सगळ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, म्हणजे शिपाईमामा आणि मावशींनाही. मूल पहिल्यांदा त्यांच्यापाशीच रडतं, हे शाळेत वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. छळ, रॅगिंग अशा प्रकरणांत वेळेवर पाऊल उचललं नाही, तर व्यवस्थापन जबाबदार धरलं जाईल, असंही न्यायालयाने बजावलं आहे.

त्या दिवशी आईने अर्जावर सही केली नाही. मुलगी त्याच शाळेत राहिली.

आयाबायांनो, बाबांनो, असा अर्ज पुढे आला तर घाईने सही करू नका. मूल फार बेचैन वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, आणि १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येतं. मुख्याध्यापकांनो, हा क्रमांक उद्याच फळ्यावर लिहा.