फितूर कुणाला म्हणायचं?



निवडणूक जवळ आली की आपल्याकडं एक शब्द लई स्वस्त होतो, तो म्हणजे फितूर. कोण राष्ट्रीय पक्षात गेला, फितूर. कोणी पोराला कन्नड शाळेत घातलं, तोही फितूर.

हिंदीत फितूर म्हणजे खूळ, झपाटलेपण. मराठीत फितूर म्हणजे आतून शत्रूला मिळालेला, किल्ल्याचा दरवाजा उघडून देणारा. कोर्टाच्या बातम्यांत आजही ‘साक्षीदार फितूर झाला’ असं छापून येतं. दोन्हीकडं एक गोष्ट सारखी आहे. त्या माणसाकडं विश्वासानं काहीतरी सोपवलेलं असतं. किल्लेदाराकडं दरवाजा, साक्षीदाराकडं खरं सांगायची जबाबदारी. काही सोपवलंच नसेल तर फितुरी कसली?

कायदाही साधारण असंच बघतो. १९६७ मध्ये हरियाणात गया लाल या आमदारानं पंधरा दिवसांत तीनदा पक्ष बदलला, त्यावरून ‘आयाराम गयाराम’ रूढ झालं. पुढं १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आली. ती खासदार-आमदारांना लागू आहे, मतदाराला नाही. मतदारानं दर वेळी वेगळं बटण दाबलं तरी तो त्याचा हक्क.

२०१९ मध्ये कर्नाटकात १७ आमदार अपात्र ठरले. त्यातले तीन आपल्याच जिल्ह्यातले, गोकाक, अथणी आणि कागवाडचे. डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत तिघंही नव्या पक्षाकडून परत निवडून आले. ज्यांच्याकडं मतं सोपवली होती त्यांना जिल्ह्यानं पदरात घेतलं. आणि गल्लीतल्या पोरानं कन्नडची परीक्षा देऊन नोकरी धरली, तर आपण त्याला फितूर म्हणायचं? हा कुठला न्याय?

आपल्या हिंडलग्यात १९८६ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. ते आंदोलन कन्नडसक्तीविरुद्ध होतं. नीट ऐका, सक्तीविरुद्ध. आपल्या मर्जीनं एखादी भाषा शिकणं ही त्या हुतात्म्यांशी फितुरी होत नाही.

म्हणून हा शब्द तोंडातून काढायच्या आधी दोन प्रश्न विचारा. याच्याकडं आपण काय सोपवलं होतं? ते यानं कुणाच्या हातात दिलं? उत्तर नसेल तर पक्षांतर म्हणा, मतभेद म्हणा, नाहीतर गप्प बसा. उत्तर असेल तर मात्र पाठीमागं कुजबुजू नका. तो मत मागायला दारात येईल, तेव्हा त्याच्या तोंडावर विचारा.

जय महाराष्ट्र.