गोदीचे दार आणि प्रदर्शनाचे दालन



लंडनच्या पूर्व भागात, रॉयल व्हिक्टोरिया गोदीच्या काठावर, ‘एक्सेल’ हे प्रचंड प्रदर्शन-केंद्र उभे आहे. ते नोव्हेंबर २००० मध्ये खुले झाले. २००९ ची जी-२० परिषद तेथेच भरली. २०१२ च्या ऑलिंपिकमधील मुष्टियुद्ध व कुस्तीचे सामने तेथेच झाले. २०२० च्या महासाथीत तेथेच तातडीचे रुग्णालय उभारले गेले. या वास्तूची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिच्या पायाखालच्या जमिनीचा.

ही गोदी १८५५ साली सुरू झाली. त्या काळी लंडनच्या गोद्यांच्या दारांत रोज भरती होई. मुकादमाच्या मर्जीस उतरेल त्याला काही तासांचे काम. बाकीच्यांनी रिकाम्या हातांनी परतायचे. १८८९ च्या ऑगस्टमध्ये बेन टिलेट, टॉम मान, जॉन बर्न्स यांच्या नेतृत्वाखाली गोदी कामगारांनी संप केला आणि सुमारे पाच आठवड्यांच्या झुंजीनंतर ताशी सहा पेन्सांचा दर मिळवला. रोजंदारी संपून कायम नोकरी मिळण्यास मात्र १९६७ साल उजाडावे लागले. कामाची शाश्वती हाती आली, आणि कामच हातचे गेले! कंटेनरची मोठी जहाजे टिलबरीकडे वळली. १९८१ मध्ये रॉयल गोद्या व्यापारी वाहतुकीस बंद झाल्या.

हे परिवर्तन तंत्रातले होते. परंतु मोकळ्या झालेल्या जमिनीचे काय करावे, हा निर्णय तंत्राचा नव्हे, राजकारणाचा होता. त्याच वर्षी थॅचर सरकारने गोदी विकास महामंडळ स्थापन केले आणि बांधकाम-परवानगीचे अधिकार लोकनियुक्त स्थानिक संस्थांकडून काढून सरकारनियुक्त मंडळाच्या हाती दिले. १९८३ मध्ये रहिवाशांनी बृहन्लंडन परिषदेच्या साहाय्याने आपली ‘लोकयोजना’ मांडली. तीत घरे होती, रोजगार होता. सरकारने कौल दिला तो विमानतळाला. १९८७ मध्ये विमानतळ सुरू झाला. तत्पूर्वी, १९८६ मध्येच, ती परिषदही मोडीत निघाली होती.

पुढे सार्वजनिक पैशातून जमीन साफ झाली, रेल्वे आली. जमिनीचे मोल वाढले ते समाजाच्या खर्चाने. अर्थशास्त्रात हिला अनर्जित वाढ म्हणतात. प्रदर्शन-केंद्र मात्र २००८ मध्ये अबुधाबीच्या कंपनीच्या मालकीचे झाले. मालक परदेशी आहे हा मुद्दा गौण. समाजाने निर्माण केलेल्या मूल्यात समाजाचा वाटा किती, हा मुद्दा खरा.

रोजगाराचेही तेच. प्रदर्शनाचा धंदा स्वभावतःच हंगामी. मंडप उभारणारे, वाढपी, पहारेकरी, सफाई कामगार यांची गरज प्रदर्शन असेल तेव्हा; ते उठले की गरज संपली. ज्या रोजंदारीविरुद्ध १८८९ मध्ये झुंज झाली, ती नव्या गणवेशात त्याच काठावर परतण्याचा धोका येथे आहे.

मुंबईकरांना ही कहाणी परकी वाटू नये. गिरण्यांच्या जमिनींचा अनुभव ताजा आहे. पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनीच्या पुनर्विकासासाठी २०१४ मध्ये केंद्राने समितीही नेमली होती. म्हणून कार्यकर्त्यांनी आराखड्यातील चित्रांना भुलू नये. तीन प्रश्न विचारावेत: जमिनीची मालकी कोणाकडे राहणार? वाढीव मूल्य कोणाच्या पदरात पडणार? आणि येथे राबणाऱ्यास कायम काम मिळणार काय? इमारतीचा पाया भरण्यापूर्वी हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. उद्घाटनानंतर ते विचारून उपयोग नाही.