दुर्बिणीत न दिसणारं दुखणं

दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, छातीच्या खाली जळजळतं, ढेकरांवर ढेकर येत राहतात. अशी तक्रार घेऊन पाथर्डी-जामखेडकडचा माणूस नगरला येतो. पोटात दुर्बीण घालून तपासणी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, “तुला काहीच झालेलं नाही, सगळं मनाचं आहे.” श्रोतेहो, ‘काहीच झालेलं नाही’ हे साफ चूक आहे.

या आजाराला डॉक्टर फंक्शनल डिस्पेप्सिया म्हणतात. निदानासाठीच्या २०१६ च्या रोम निकषांनुसार त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला आणि गेले तीन महिने टिकून असावा लागतो. दुर्बीण जठराचं अस्तर दाखवते. जेवताना जठराचा वरचा भाग सैल पडतो का, तिथल्या नसा साध्या ताणालाही वेदना समजतात का, हे तिला दिसत नाही. बऱ्याच रुग्णांत बिघाड असतो तो इथेच.

आणि मन? चरकसंहितेत चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे बेताने खाल्लेलं पथ्याचं अन्नही पचत नाही, असं सांगितलं आहे. १८२२ साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला पोटात गोळी लागली. जखमेचं भोक कायमचं उघडं राहिलं. डॉ. विल्यम बोमाँट यांनी त्यातून वर्षानुवर्षं पचन पाहिलं. रागाने जठराचं काम बिघडतं, हे त्यांना प्रत्यक्ष दिसलं.

पण वाट एकेरी नाही. ऑस्ट्रेलियात माणसांचा बारा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा काहींना आधी चिंता आणि मग पोटाचा त्रास झाला, तर काहींत पोट आधी बिघडलं आणि चिंता मागून आली. म्हणून रुग्णाला दोष देण्याचा हक्क कोणालाच नाही.

मग रुग्णाला विचारायचं काय, याचं एक मोलाचं सूत्र आपल्या नगर जिल्ह्यात सापडतं. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. तिथल्या बायकांशी बोलून केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मनाच्या त्रासाची मुळं त्या बायकांनी नेमकी सांगितली: नवऱ्याशी-सासूशी भांडण, मारहाण, गरिबी. तो अभ्यास पोटाचा नव्हता. तरीही पित्ताच्या गोळ्या लिहिताना ‘तिखट खाता का?’ एवढंच विचारून थांबणाऱ्या दवाखान्यांनी तो वाचायला हवा. झोप लागते का, घरी कसं चाललंय, हेही तपासणीतच मोडतं.

मात्र वजन घटणं, शौचाला काळं होणं, रक्ताची उलटी किंवा घास अडकणं असेल, तर दुर्बिणीला पर्याय नाही.

औषधांबद्दलचा एक गैरसमज फार नुकसान करतो. चिठ्ठीवर अमिट्रिप्टिलिन हे नैराश्यावरचं औषध दिसलं की ‘मला वेडा ठरवलं’ म्हणून रुग्ण गोळी टाकून देतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत २९२ रुग्ण होते. मुख्यतः पोटदुखी असलेल्यांना या गोळीच्या कमी मात्रेने आराम पडला. एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी मात्र औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे इथे अमिट्रिप्टिलिनचा उपयोग केवळ नैराश्य उतरवण्यातून होत नसावा. चिठ्ठी हातात देण्याआधी डॉक्टरांनी दोन मिनिटं काढून रुग्णाला हे सांगितलं, तर ती गोळी निदान घेतली तरी जाईल.