जुन्या संगणकाची रॅम वाढविताना



आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखाद्या कचेरीतून निकाली निघालेला संगणक स्वस्तात आलेला असतो. तो संथ चालतो म्हणून मुले हट्ट धरतात, वडील पगाराच्या दिवशी रॅम घेऊन येतात. ती चालत नाही आणि दुकानदार उघडलेला माल परत घेत नाही. हे कष्टाचे पैसे वाचावेत, एवढ्यासाठीच मी आज बोलत आहे.

रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोहोंच्या पट्टीला २४० पिना, म्हणून त्या सारख्याच दिसतात; परंतु खालची खाच वेगळ्या जागी असते, आणि पहिलीला १.८ व्होल्ट लागतात तर दुसरीला १.५. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. २०१४ साली बाजारात आलेल्या डीडीआर-४ला २८८ पिना. ती जुन्या बोर्डात जातच नाही. लॅपटॉपची पट्टी आखूड, ती निराळीच.

खरी फसगत पुढेच आहे. पट्टी नीट बसते आणि तरीही पडदा काळाच राहतो! इंटेलच्या जी-४१ चिपसेटचे उदाहरण घ्या. त्याच्या डीडीआर-३ बोर्डावर ८ जीबीपर्यंत रॅम चालते. परंतु ४ जीबीची पट्टी १६ चिपांची, दोन्ही बाजूंना आठ-आठ अशी लागते. नंतरच्या पट्ट्यांत तेवढीच क्षमता आठ चिपांत मावली. त्या दाट चिपा या जुन्या चिपसेटला ओळखता येत नाहीत. पट्टी खराब नसते, बोर्डही खराब नसतो, पण दोघांचे जमत नाही. सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त 'रजिस्टर्ड' रॅमचेही घरच्या बोर्डावर असेच होते.

आणखी एक. विंडोज ३२-बिटची असेल तर ४ जीबीच्या वर घातलेली रॅम वाया जाते. ते आधी पाहा.

खरेदीपूर्वी वीज बंद करून पेटी उघडा, बोर्डावर छापलेले नाव लिहून घ्या आणि जुनी पट्टी सोबत न्या. न चालल्यास बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्यायला संकोच कसला? मुलींनो, हे काम भावावर सोपवू नका. एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. पट्टीला हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मग पट्टी सरळ दाबा. बाजूच्या खिट्ट्या आपोआप बंद झाल्या की ती बसली.