रजोनिवृत्तीची ओळख : नोंद आणि दक्षता



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी घराघरांत अबोल राहिलेल्या एका विषयाचाही विचार व्हावा. देह हे धर्माराधनेचे साधन आहे; त्याची काळजी घेणे हेही कर्तव्यच. पाळी जाणे, अर्थात रजोनिवृत्ती, हा आजार नव्हे. भारतीय स्त्रीच्या जीवनात साधारणतः ४६-४७ व्या वर्षी येणारा तो नैसर्गिक टप्पा होय.

त्याचे निदान सोपे आहे. पाळीच्या दिवसांची घरच्या दिनदर्शिकेवर खूण करावी. पंचेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रीला अन्य कारणाविना सलग १२ महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे डॉक्टर मानतात. पाळी अनियमित होणे, अंगातून एकाएकी वाफा निघणे, रात्री घाम येणे, झोप मोडणे ही तिची लक्षणे. या वयात निदानासाठी सहसा रक्ततपासणी लागत नाही. मात्र पाळी चुकताच ती गेली असे गृहीत धरू नये; गर्भधारणा, थायरॉईडचा विकार किंवा फार घटलेले वजन हीही कारणे असू शकतात. पंचेचाळिशीच्या आत, विशेषतः चाळिशीपूर्वी, पाळी थांबल्यास एफएसएच या संप्रेरकाची रक्ततपासणी करवून घ्यावी लागते.

गर्भाशय काढलेल्या स्त्रीला मात्र दिनदर्शिका उपयोगी पडत नाही. अशा स्त्रियांची संख्या लहान नाही. २०१९ साली शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. शस्त्रक्रियेत दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर रजोनिवृत्ती तत्काळ होते. म्हणून शस्त्रक्रियेचे कागद जपून ठेवावेत.

सर्वांत महत्त्वाचे असे, की पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो कितीही अल्प असो, त्याला परतलेली पाळी समजू नये. पूजेपासून चार दिवस दूर राहून मौन बाळगणे हा त्यावर उपाय नव्हे. बहुधा कारण साधे असते. परंतु काही वेळा ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे पहिले चिन्ह असते, आणि वेळीच कळल्यास तो बरा होऊ शकतो. पर्युषण संपण्याचीही वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. पातूरहून अकोल्याचे जिल्हा स्त्री रुग्णालय दूर नाही. घरातील पुरुषांनी संकोच सोडून तिच्यासोबत जावे.

घरच्या स्त्रीच्या वेदनेची उपेक्षा न करणे, हेही अहिंसाव्रताचेच पालन होय.

जय जिनेंद्र!