करुणेची मूर्ती



परभणी जिल्ह्यातील बुद्धविहारांत पौर्णिमेला उपासक वंदनेसाठी एकत्र येतात. समोर बुद्धमूर्ती असते. कधी ध्यानस्थ, कधी उजवा हात अभय देण्यासाठी उंचावलेली. ही मूर्ती पाहणाऱ्याकडून काय मागते? या प्रश्नाचे उत्तर मराठवाड्याच्या पाषाणातच कोरलेले आहे.

छत्रपती संभाजीनगरजवळच्या डोंगरातील सातव्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती उभी आहे. हे शिल्प सहाव्या शतकातील. ‘अवलोकितेश्वर’ म्हणजे दुःखितांकडे दृष्टी वळविणारा. सर्व प्राणिमात्र दुःखमुक्त होईपर्यंत स्वतःचे निर्वाण दूर ठेवणारा, अशी त्याच्याविषयीची श्रद्धा. त्याची खूण कमळ. ते चिखलातच उगवते, पण चिखलाने मलिन होत नाही. दुःखाच्या जगात राहूनही मन निर्मळ ठेवता येते, हा त्याचा आशय.

या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना चार-चार लहान दृश्ये आहेत. आग, शस्त्रधारी शत्रू, बेड्या, बुडणारे जहाज, सिंह, सर्प, मदोन्मत्त हत्ती आणि मृत्यू ही ती आठ महाभये. संकटात सापडलेली माणसे हात जोडून धावा करीत आहेत. दूरच्या वाटा तुडविणाऱ्या व्यापाऱ्यांची आणि समुद्रप्रवाशांची ही रोजची भीती होती. शिल्पकाराने करुणेची व्याख्या सांगितली नाही. ती कोठे हवी असते, ते दाखविले.

तेथीलच तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुष उपासकांच्या मूर्ती आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणीची खाली झुकलेली दृष्टीही हाच भाव व्यक्त करते. हाच बोधिसत्त्व पुढे चीनमध्ये ग्वानयिन आणि जपानमध्ये कान्नोन या नावांनी पूजनीय झाला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांनी मांडलेला बुद्ध हा मोक्षदाता नसून मार्गदाता आहे. मग संकटात धावून येणाऱ्या बोधिसत्त्वाच्या शिल्पाचे आज प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे, की धावून येण्याचे काम आता मूर्तीसमोर बसलेल्या माणसाचे आहे. मार्ग दाखविला गेला. चालणे उपासकाकडे आले.

जानेवारी २०२३ मध्ये थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू बुद्धांच्या अस्थींसह परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे पायी निघाले. दूरच्या देशात गेलेला विचार पावलापावलाने या भूमीत परत आल्याचे ते दृश्य होते.

आठ भये संपलेली नाहीत. रात्री पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाखाली आजही साप येतो. गोदाकाठी पुराचे पाणी शिरते. अशा वेळी सर्पदंश झालेल्याला मांत्रिकाकडे न नेता तातडीने रुग्णालयात पोहोचविणारा तरुण, पुरात वेढलेल्या शेजाऱ्याची जात न विचारता त्याला हात देणारी वस्ती, हीच त्या शिल्पाची आजची रूपे होत.

लेण्यांतील मूर्ती झिजू नयेत, त्यांवर नावे कोरली जाऊ नयेत, याची काळजी सर्वांनी घ्यावयास हवी. परंतु दगड जपला आणि माणूस विसरला, तर जपणूक अपुरीच राहील. मूर्तीसमोर जोडलेले हात विहाराबाहेर पडताच कोणाच्या तरी मदतीसाठी उघडावेत, एवढेच त्या मूर्तीचे मागणे आहे.